स्वल्पविराम गोष्टीत आला नाही

मे महिन्यात, चिंचवडगावातल्या आमच्या भाड्याच्या खोलीत, माझा धाकटा भाऊ वसंत बेशुद्धीत एक कादंबरी बोलत होता. ती कादंबरी त्याच वेळी मी अलिबागच्या पुढे, नागावच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांखाली बसून वाचत होतो. वसंतने ते पुस्तक कधीही उघडलं नव्हतं. घटना पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धातली. ऐकणारे तिघं होते — आमची घरमालकीण, डॉक्टर आणि नंतर मी.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. पुण्याच्या एका दैनिकात मी उपसंपादक होतो. भुताखेतांच्या बातम्या आमच्याकडे नेहमी यायच्या. त्यांना 'असे सांगितले जाते' एवढी शेपटी लावून चार ओळींत बसवायचं, नाहीतर सरळ टोपलीत टाकायचं, हे माझं काम. या मजकुरात ते तीन शब्द मी वापरणार नाही. जे मी स्वतः पाहिलं ते माझ्या नावावर, आणि जे दुसऱ्याने सांगितलं ते त्याच्या नावावर.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. मी नोकरीसाठी आधी आलो, वसंत मागून आला आणि पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागला. चिंचवडगावात, पवनेच्या घाटापासून जवळ, दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत वसंत, आतल्यात मी आणि माझी पत्नी सुशीला. वसंत तालमीतला गडी. छापील मजकुराशी त्याचा संबंध कुस्त्यांच्या निकालापुरता. तोही मलाच वाचून दाखवायला सांगायचा.

माझ्या वाचनाबद्दल एक गोष्ट आधी सांगणं भाग आहे. उपसंपादक होण्यापूर्वी मी बरीच वर्षं प्रूफं तपासली. त्यात एकजण मूळ कॉपी मोठ्याने वाचतो आणि दुसरा प्रुफावर डोळा ठेवतो. वाचणाऱ्याने विरामचिन्हंही म्हणायची असतात. शिवाय त्या काळी शब्दांच्या डोक्यावर न उच्चारले जाणारे अनुस्वार द्यायची पद्धत होती, तेही म्हणायचे. म्हणजे 'तो घरांत गेला, पण' हे असं वाचलं जायचं — "तो घरा टिंब त गेला स्वल्पविराम पण". मी वाचणारा होतो. ते काम सुटलं, पण सवय डोक्यात राहिली. मनातल्या मनात वाचतानाही मी टिंब आणि स्वल्पविराम म्हणत असे. चूक दिसली की दुरुस्ती म्हणत असे. कादंबरी वाचण्याचा आनंद त्यामुळे मला राहिला नव्हता. सुशीला म्हणायची, "तुम्ही गोष्ट वाचत नाही हो, तपासता."

त्या वर्षी रजा साठली होती. सुशीलाला सहावा महिना होता, आणि तिच्या मामांचं नागावला समुद्रालगत घर होतं. मी ठरवलं, वाचायच्या राहिलेल्या कादंबऱ्या ग्रंथालयातून उचलायच्या आणि समुद्रावर बसून साध्या माणसासारख्या वाचायच्या. निघायच्या आदल्या संध्याकाळी पुस्तकं आणली आणि तशीच ट्रंकेत टाकली. वसंतने ती लांबूनच पाहिली.

"दादा, एवढ्या लांब जाऊन खाली मान घालूनच बसणार?" तो म्हणाला. "मग घाटावर बसा की. खाली मान घालायला पवना काय वाईट आहे?"

मी त्याला म्हटलं, तू चल, तुला भरतीत उभा करतो. तो म्हणाला, शिफ्ट कोण करणार, तुमचा संपादक?

हे आमचं शेवटचं बोलणं.

नागावला मी रोज दुपारी किनाऱ्यावर जात असे. ज्या पुस्तकाशी या हकिकतीचा संबंध आहे, त्याचं नाव इथे देत नाही. जुनी सामाजिक कादंबरी होती, फार कुणाला माहीत नसलेली. कमळ नावाची एक बाई नवऱ्याचं घर सोडून होडीने खाडीपलीकडे जाते. ती परत येणार की नाही, एवढंच कथानक. टिंब आणि स्वल्पविराम समुद्रावरही सुटले नाहीत. पण गोष्टीत मी अडकलो, हे खरं. संध्याकाळी झोपाळ्यावर बसून त्या दिवसापुरती गोष्ट सुशीलाला सांगत असे.

अर्ध्याहून जास्त पुस्तक झालं असताना तार आली. वसंत गंभीर, ताबडतोब निघा. सुशीलाला एसटीच्या गर्दीत तसं ओढत नेणं शक्य नव्हतं. मामांनी तिला तीन दिवसांनी आणून सोडायचं ठरवलं. मी कपडे आणि उशाशी पडलेली पुस्तकं पिशवीत कोंबली आणि अलिबागहून पुण्याची एसटी धरली. वाटेत पुस्तक उघडलं नाही. चिंचवडला उतरलो तेव्हा दिवस मावळत होता.

वसंत आतल्या खोलीत माझ्या कॉटवर होता. डोळे अर्धवट उघडे, नजर नाही. उशाशी आमची घरमालकीण ठकूमावशी बसली होती. तिच्या घराण्याची शेती तिथे पिढ्यान्‌पिढ्या. तिला अक्षरओळख नव्हती. मला ती 'पेपरवाले' म्हणायची. तिने सांगितलं की पहिली शिफ्ट करून आला, मान वळंना म्हणाला, ओकला, आणि मग ओळख गेली. डॉक्टरांनी मेंदूचा ताप सांगितला होता. पेनिसिलिनची इंजेक्शनं चालू होती. पुण्याला हलवलं तर वाटेत दगावेल, असं त्यांचं मत होतं.

मी विचारलं, काही बोलला का?

"बोलला का म्हंजी? दोन दीस गोष्टच सांगतुया," ठकूमावशी म्हणाली. "आज मातर गप हाय. सकाळधरनं एक सबुद न्हाई."

मला वाटलं, बरळला असेल. तसं मी म्हटलंही. तिला ते आवडलं नाही.

"बरळनं मी ऐकलंय, पेपरवाले. माझा सासरा बरळायचा. ह्ये तसं न्हाई. नीट गोष्ट हाय. कमळ म्हनून बाई हाय, ती दाल्ल्याचं घर सोडून होडीतनं जाती. पयल्यांदा म्हनला, होळीत बसून गेली. मी म्हनलं, जळली का काय बया! तर लगीच म्हनला, ड हवा, ळ नको."

मी खाली बसलो. त्या कादंबरीत 'होडीत'च्या जागी 'होळींत' असा छापखान्याचा दोष आहे. नागावच्या किनाऱ्यावर तो वाचताना 'ड हवा, ळ नको' असं मी मनात म्हटलं होतं. मोठ्याने नव्हे.

तिला मी पुढे बोलू दिलं. बातमीदाराला सुचतात तसे आडवे प्रश्नही विचारले. कमळची गोष्ट तिने मी थांबलो होतो त्या प्रसंगापर्यंत सांगितली, पुढचं तिला माहीत नव्हतं. मग तिने मला एक प्रश्न विचारला.

"त्यो स्वल्पविराम कोन वो? सारखा येतो गोष्टीत. कमळच्या मागं मागं असतो. तिचा भाऊ हाय का?"

त्या परिस्थितीतही मला हसू आलं. दुसऱ्याच क्षणी ते गेलं. वसंत चौथीच्या पुढे नेटाने शिकला नव्हता. माझं प्रूफवाचन त्याने लहानपणी कधी ऐकलं असेल, ही शक्यता मी नाकारत नाही. पुस्तक मात्र त्याने ऐकलेलं नव्हतं.

तिच्या मुठीत तांदळाचे दाणे होते. आपल्याकडे कहाणी ऐकताना हातात अक्षता धरतात, तसे तिने धरले होते. कहाणी पुरी झाल्याशिवाय ते खाली ठेवायचे नसतात, म्हणून दोन दिवस ती तसेच पदराला बांधून घरी नेत होती आणि परत आणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तिने सांगितलेला एक तपशील ताडून पाहण्यासाठी मी बाहेरच्या खोलीत पुस्तक उघडलं. तपशील सापडला. डोळे सवयीने पुढे गेले… आणि आतून वसंतचा आवाज आला.

मी ज्या ओळीवर होतो तीच ओळ. टिंब. स्वल्पविराम. आवाज सपाट होता, कॉपी वाचणाऱ्याचा असतो तसा. मी थांबलो. तो थांबला. मी पुस्तक मिटून उभा राहिलो, आत काहीच नाही. परत उघडून वाचलं, परत आवाज. मधे दाराचा पडदा होता. मी ओठ हलवत नव्हतो.

डॉक्टर इंजेक्शन द्यायला आले तेव्हा त्यांना मी फक्त एवढंच म्हटलं, नाडीवर हात ठेवा. मग बाहेर येऊन वाचू लागलो. काही ओळी झाल्यावर थांबलो. थोडा वेळ गेला. आतून डॉक्टरांचा आवाज आला.

"वाचा."

ते बाहेर आले आणि माझ्याकडे न बघता बोलले. बोलत असतो तेव्हा नाडी भरते, श्वास सरळ चालतो. गप्प झाला की बुडायला लागतो. याला वैद्यकात काही नाव नाही, असं ते म्हणाले. निघताना पायात चपला सरकवत त्यांनी विचारलं, "पुस्तक केवढं आहे?"

हाच प्रश्न मी स्वतःला विचारायचं टाळत होतो. त्या दिवशी मी जितकं हळू वाचलं तितकं आयुष्यात कधी वाचलं नाही. एक ओळ वाचायची, पडद्याआडून त्याचा श्वास ऐकायचा, तो अडखळतोय असं वाटलं की दुसरी ओळ. वर्णनं मी आवडीने वाचली. कमळच्या खिडकीतल्या तुळशीचं अर्धं पान वर्णन होतं, त्यात त्याच्या हाताची बोटं कोमट झाली, असं ठकूमावशीने आतून ओरडून सांगितलं. जेवलो नाही. प्रत्येक पानागणिक उजव्या हातातली जाडी कमी होत होती. दिवेलागणीच्या आत मी एका प्रकरणाच्या शेवटाला आलो. पुढचं पान उलटलं. पुढे पुठ्ठा होता.

पुस्तक संपलेलं नव्हतं. शेवटचा फॉर्मा, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा शेवटचा गठ्ठा, जागेवर नव्हता. शिलाईचा दोरा लोंबत होता. ग्रंथालयाची पुस्तकं हाताळून अशी सुटतात. ती पानं मुळातच नव्हती की कुठे गळली, हे मला सांगता येईना. पिशवी उलटी केली, कॉटखाली पाहिलं. नाही.

वसंत गप्प झाला होता.

तेच पुस्तक पहिल्यापासून वाचायला घेतलं, तो बोलला नाही. दुसऱ्या कादंबऱ्या उघडल्या, मोठ्याने वाचल्या, त्याच्या कानाशी तोंड नेऊन वाचल्या. नाही. मग मी कागद घेतला आणि शेवट स्वतः लिहायला बसलो. कमळ परत येते, असा लिहिला. लिहिलेलं वाचलं. मग फाडला आणि परत येत नाही, असा लिहिला. मी त्यापूर्वी कधी एक ओळ बनवून लिहिली नव्हती. आतून काही आलं नाही. ठकूमावशी दारात उभी होती.

"तुमच्या मनचं नगा घालू," ती म्हणाली. "त्याला कळतंय."

सकाळची पहिली गाडी धरून मी पुण्याला गेलो. ग्रंथालयात त्या पुस्तकाची एकच प्रत होती आणि ती माझ्याकडे होती. प्रकाशकाचं दुकान केव्हाच बंद पडलेलं. जुन्या पुस्तकांच्या फडताळांतून, कचेरीतल्या सहकाऱ्यांच्या घरांतून हिंडलो. कुणी विचारलं, एवढी काय घाई आहे, तर मी पुढच्या घराकडे निघे. दुपारी रिकाम्या हाताने परत आलो. दारातच ठकूमावशीने तोंडावर बोट ठेवलं.

वसंत बोलत होता.

नवा मजकूर होता. कमळ होडीतून अलीकडच्या काठाला उतरते, पायवाट चढते, ओळखीची कुत्री भुंकत नाहीत. मी पुस्तकाला हातही लावलेला नव्हता. बाहेर पिशवीत ते मिटून पडलं होतं. आवाजही वेगळा होता. सपाट नव्हता. चढत-उतरत होता, कुठे रेंगाळत होता, एका ठिकाणी हसण्याच्या बेतात आला. त्याचा चेहरा मला काही क्षण ओळखीचा वाटला, नेहमीचा. मी सवयीने पेन्सिल काढली आणि उतरवून घेऊ लागलो.

बराच वेळ झाल्यावर ठकूमावशी माझ्या कानाशी कुजबुजली, "आज त्यो स्वल्पविराम आला न्हाई गोष्टीत. मेला का?"

माझी पेन्सिल थांबली. ती म्हणत होती ते खरं होतं. एकही स्वल्पविराम नव्हता, एकही टिंब नव्हतं. हे माझं वाचन नव्हतं. तो शेवटचा फॉर्मा कुठेतरी, त्या क्षणी, कुणीतरी गोष्टीसाठी वाचत होतं. तसं वाचणारं आणि ती पानं जवळ असू शकणारं एकच माणूस मला माहीत होतं. ते नागावला होतं.

वसंतचा आवाज सावकाश झाला. कमळ घरापाशी येते. दार लोटलेलं नाही, आतून बंदही नाही, बाहेरून कडी आहे. तो म्हणाला, "कमळने कडी काढली आणि".

पुढे काही नाही.

आम्ही वाट पाहिली. श्वास चालू होता, पण वरवरचा. बोटं गार होत गेली. मी उठलो, तेव्हा ठकूमावशीने माझा हात धरला. तारघरात चाललोय, असं मी तिला सांगितलं.

"पुरी करू नगा," ती म्हणाली. "कहानी अर्धी असली की ऐकनाऱ्याला उठता येत न्हाई. ह्यो त्यामुळंच हितं अडकून हाय. पुरी झाली की उठंल आन्‌ जाईल."

मी म्हटलं, मावशी, गप्प झाला की तो बुडतो, हे डॉक्टरांनी पाहिलंय.

"व्हय. पर गोष्ट सरल्यावर काय व्हतं, त्ये कुनी पाह्यलंय?"

तारघरात उभं राहून मी फॉर्मवर इंग्रजीत लिहिलं — पुस्तक शेवटपर्यंत वाच. त्याच्यावर 'नको' लिहिलं, ते खोडलं, परत लिहिलं. मोजक्या शब्दांत मजकूर बसवण्याचा मला रोजचा सराव होता. तारबाबूने फॉर्म उलटसुलट फिरवून पाहिला आणि आवाज न चढवता म्हणाला, "साहेब, वाचायचं की नाही वाचायचं? दोन्ही पाठवता येणार नाही." माझ्या मागे दोन माणसं उभी होती. मी 'नको' खोडलं.

ती तार दुसऱ्या दिवशी दुपारी नागावला पोचली. सुशीला त्याआधीच मामांबरोबर सकाळच्या एसटीने निघाली होती.

वसंत त्या सकाळी गेला. डॉक्टर हजर होते. तो काही बोलला नाही. दाखल्यावर मेंदूज्वर असं कारण आहे, आणि ते चूक आहे असं म्हणायला मला आधार नाही. ठकूमावशीने मुठीतले तांदूळ कॉटवर ठेवले नाहीत, खालीही टाकले नाहीत. नदीवर जाताना तिने ते आपल्या लेकाच्या हातात दिले. त्याने त्यांचं काय केलं, हे मी विचारलं नाही.

सुशीला आली तेव्हा आम्ही नदीवरून परतलो होतो. तिला यातलं कुणी काही सांगितलेलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे, हेही तिला माहीत नव्हतं. वसंतसाठी ती रडली, मग बराच वेळ भिंतीला टेकून बसली. तिसऱ्या दिवशी सामान सोडताना तिने साड्यांच्या घडीतून छापील पानांचा एक गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. नागावला तुमच्या गादीखाली सापडला, म्हणाली. निघायच्या आदल्या दुपारी झोपाळ्यावर बसून तिने तो वाचला होता.

"सगळा?" मी विचारलं.

"शेवटचं पान ठेवलंय. आवडलेल्या पुस्तकाचं मी नेहमी ठेवते, दुसऱ्या दिवसासाठी. लगेच संपलं की करमत नाही."

मी माझे उतरवून घेतलेले कागद काढले आणि छापील पानांशी ताडून पाहिले. पहिल्या शब्दापासून मजकूर तोच होता, फरक फक्त चिन्हांचा. हे कसं झालं याचा उलगडा मला तेव्हा झाला नाही, नंतरही नाही. डॉक्टरांनी पुढे कधी हा विषय काढला नाही. सुशीलाला मी काही वर्षांनी सांगितलं.

तिने ज्या पानावर वाचन थांबवलं, त्याचा कोपरा दुमडलेला आहे. त्या पानाची शेवटची ओळ अशी छापली आहे — 'कमळनें कडी काढली, आणि'.